बारा हजार वेळा, आणि त्यानंतर

प्रार्थनेविषयीच्या पुस्तकांत एक अडचण असते. प्रार्थना का करावी, तिने काय साधतं, थोरामोठ्यांनी ती कशी आयुष्यभर केली, हे सगळं त्यांत भरपूर सांपडतं. ती आपण उद्या सकाळी उठून नेमकी कशी करायची, हे मात्र सांपडत नाही. एकोणिसाव्या शतकातल्या एका रशियन पुस्तकाचा नायक याच तक्रारीपासून सुरुवात करतो. तो चर्चमध्ये उभा असतो, थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचं वाचन चाललेलं असतं, आणि अखंड प्रार्थना करण्याची पौलाची आज्ञा त्याच्या कानावर पडते. ऐकणाऱ्या बाकीच्यांसाठी ते नेहमीचं वाक्य असतं. हा माणूस मात्र त्याचा शब्दशः अर्थ घेतो. पोटापाण्याचं पाहायचं, झोपायचं, चालायचं आणि प्रार्थना एकदाही थांबवायची नाही, हे जमायचं कसं? तो नावाजलेल्या उपदेशकांची प्रवचनं ऐकतो. ते प्रार्थनेची महती सांगतात. रीत कुणीच सांगत नाही.

हे पुस्तक इंग्रजीत ‘द वे ऑफ अ पिलग्रिम’ या नावाने ओळखलं जातं. मूळ रशियन नाव लांबलचक आहे. एका यात्रेकरूने आपल्या आध्यात्मिक पित्याला मोकळ्या मनाने सांगितलेल्या हकीकती, असा त्याचा आशय. १८८०च्या दशकात ते कझान शहरात छापलं गेलं. लेखकाचं नाव त्यावर नव्हतं. कोणी लिहिलं, किती हातांतून ते गेलं, यावर अभ्यासकांनी पुढे बराच खल केला. वाचकाला त्याची गरज भासत नाही, कारण निवेदक स्वतःविषयी जेवढं सांगतो तेवढं पुरतं. वय तेहेतीस. लहानपणी भावाने ढकलल्यामुळे एक हात कायमचा निकामी. त्याच भावाने पुढे आजोबांनी ठेवलेला पैसा चोरला आणि घराला आग लावली. बायको विणकाम करून संसार चालवायची, हा तिच्याशेजारी बसून बायबल वाचायचा. तीही वारली. आता पाठीवर वाळलेल्या पावाची झोळी, छातीशी बायबल, आणि चालणं.

गुरू शेवटी भेटतो. रशियन परंपरेत अशा ज्येष्ठ, अनुभवी साधूला ‘स्तारेत्स’ म्हणतात. तो यात्रेकरूला ‘फिलोकालिया’ हा ग्रंथ दाखवतो. पूर्वेकडच्या ख्रिस्ती साधूंच्या अनेक शतकांतल्या लिखाणाचा हा संग्रह १७८२ साली व्हेनिसमध्ये ग्रीक भाषेत छापला गेला आणि १७९३मध्ये स्लाव्होनिक रूपात रशियात पोचला. त्यातून स्तारेत्स त्याला ‘येशूची प्रार्थना’ शिकवतो. ती अगदी छोटी आहे. येशूला प्रभू आणि देवाचा पुत्र म्हणून हाक मारायची आणि आपल्यावर दया करण्याची विनवणी करायची, एवढंच. आधी ती ओठांनी म्हणायची, मग मनाने, आणि सरतेशेवटी तिने हृदयाच्या ठोक्यांत उतरायचं.

यात्रेकरू एका शेतकऱ्याच्या मळ्यावर राखणदाराचं काम पत्करतो. उन्हाळाभर एका खोपीत राहून प्रार्थना करू, असा बेत असतो. पहिला आठवडा बरा जातो. मग आळस येतो, कंटाळा येतो, झोप येते, डोक्यात विचारांचं मोहोळ उठतं. तो पुन्हा गुरूकडे जातो. गुरू त्याच्या हातात माळ देतो आणि सांगतो, दिवसाला ३००० वेळा म्हण. जास्त नाही आणि कमीही नाही. काही दिवसांनी ६०००. त्यानंतर १२,०००. जीभ जडावते, मणी ओढून ओढून अंगठा दुखायला लागतो, आणि मग एका पहाटे प्रार्थनाच त्याला जागं करते.

*

मराठी वाचकाला इथे ओळखीचं काहीतरी भेटतं. माळ, संख्या, गुरूने दिलेलं नाम, हे सगळं आपल्या घराघरांत आहे. टाकळीला समर्थ रामदासांनी बारा वर्षांत तेरा कोटी रामनामाचं पुरश्चरण केलं, असं परंपरा सांगते. हिशेब मांडला तर तो रोजच्या सुमारे तीस हजारांवर जातो, म्हणजे यात्रेकरूचे बारा हजार आपल्याला छातीत धडकी भरवणारे वाटत नाहीत. त्यामुळे आपल्याकडचा वाचक हे पुस्तक वाचून लगेच म्हणतो, हे तर नामस्मरणच. ते खरं आहे, पण तिथेच थांबलं तर पुस्तक हातातून निसटतं.

कारण ख्रिस्ती परंपरेत संख्येबद्दल एक जुना संशय आहे, आणि तो थेट येशूच्या शिकवणीतून आलेला आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात, डोंगरावरच्या प्रवचनात, फार बोलल्याने आपलं ऐकलं जाईल असं समजून शब्दांची पुनरुक्ती करणाऱ्यांना तो स्पष्ट बजावतो. त्याच शुभवर्तमानात पुढे, गेथशेमाने बागेत, अटकेच्या आधीच्या रात्री तो स्वतः तीनदा प्रार्थना करतो आणि तिसऱ्या वेळी तेच शब्द पुन्हा उच्चारतो. म्हणजे पुनरुक्ती वाईट असं सरसकट म्हणता येत नाही. प्रश्न आहे तो पुनरुक्तीमागच्या समजुतीचा. शब्दांच्या ढिगाने देवावर दाब येतो, ही एक समजूत. दुसरं काही बोलायला उरलंच नाही म्हणून तेच शब्द पुन्हा येणं, ही निराळी गोष्ट. आणि गेथशेमानेतली मागणी मान्य झाली नाही, हेही विसरता येत नाही. तीनदा टाळून दे म्हटलेला प्याला टळला नाही.

रशियन परंपरेला हा पेच ठाऊक होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो एका मोठ्या भांडणात फुटला. ग्रीसमधल्या अ‍ॅथॉस पर्वतावरचे काही रशियन साधू म्हणू लागले की येशूच्या प्रार्थनेतलं देवाचं नाव म्हणजे देवच. आपल्याकडे नाम आणि नामी यांत भेद नाही हे विधान कीर्तनात सहज खपतं. तिकडे त्याने खळबळ उडाली. १९१३ साली रशियन चर्चच्या सिनॉडने हा विचार पाखंड ठरवला, आणि त्याच वर्षी आरमाराची जहाजं आणि सैनिक पाठवून शेकडो साधूंना पर्वतावरून जबरदस्तीने हलवण्यात आलं. यात्रेकरूचं पुस्तक या भांडणाच्या आधीचं आहे आणि त्याला तत्त्वज्ञानाचा वाद घालायचा नाही. पण ते एक सावध पाऊल टाकतं. बहुतेक वाचक ३००० ते १२,००० हा चढता आकडा लक्षात ठेवतात. त्यापुढे गुरू काय करतो हे विसरतात. बारा हजारांनंतर तो संख्याच काढून घेतो. आता मोजू नकोस, हवी तेवढी म्हण, असं सांगतो.

मला वाटतं पुस्तकाची गुरुकिल्ली इथे आहे. आकडा हा पायाडासारखा आहे. भिंत उभी राहिली की पायाड सोडतात. नेम वाढवण्यासाठी शिष्याला परवानगी लागते, तो आपल्या हौसेने वाढवता येत नाही. कमी करता येत नाही, तसाच जास्तही करता येत नाही. ‘जास्त नाही’ हा निर्बंध महत्त्वाचा आहे, कारण चिकाटीत एक छुपा गर्व असतो. काल इतकं केलं, आज त्याहून जास्त केलं, म्हणजे देव तेवढा जवळ आला. गुरू ही शिडीच काढून टाकतो.

*

हा गर्व कुठून येतो ते पाहायला लूकच्या शुभवर्तमानाचा अठरावा अध्याय उपयोगी पडतो. गंमत अशी की यात्रेकरूच्या प्रार्थनेचे शब्द बऱ्याच अंशी याच अध्यायात विखुरलेले आहेत. अध्यायाची सुरुवात चिकाटीच्या दाखल्याने होते. एका गावात एक न्यायाधीश असतो. त्याला देवाचं भय नाही आणि माणसांची भीड नाही. एक विधवा त्याच्याकडे खेटे घालते, माझ्या प्रतिवादीविरुद्ध मला न्याय दे म्हणते. तो बराच काळ दाद देत नाही. शेवटी तिच्या येण्याजाण्याला कंटाळून तो न्याय देतो. खचून न जाता सतत प्रार्थना करावी यासाठी हा दाखला आहे, असं लूक सुरुवातीलाच सांगून टाकतो.

त्याला लागूनच दुसरा दाखला येतो. एक परूशी आणि एक जकातदार मंदिरात प्रार्थनेला जातात. परूशी देवाचे आभार मानताना आपला हिशेब वाचतो, आठवड्यातून दोन उपास आणि उत्पन्नाचा दहावा हिस्सा. जकातदार दूर उभा राहून छाती बडवून घेतो आणि आपण पापी आहोत, दया कर, एवढंच म्हणतो. अध्यायाच्या शेवटी यरीहोजवळ रस्त्याच्या कडेला बसलेला आंधळा भिकारी येशूला हाक मारतो. लोक त्याला गप्प करतात, तो आणखी मोठ्याने ओरडतो. येशू थांबतो आणि त्याला विचारतो, तुला काय हवंय?

लूकने हे असं ओळीने का मांडलं असेल? विधवेच्या दाखल्यानंतर परूशी आला नसता, तर चिकाटी हेच पुण्य ठरलं असतं. परूशीही चिकाटीचाच माणूस आहे. आठवड्यातून दोन उपास वर्षानुवर्षं पाळणं सोपं नसतं. त्याचा दोष चिकाटीत नाही, ती तो कुणासमोर मांडतो यात आहे. तो देवाशी बोलताना स्वतःच्या वहीत डोकावतो. जकातदाराकडे आणि आंधळ्याकडे वहीच नाही. यात्रेकरूच्या प्रार्थनेने या दोघांचे शब्द उचलले आणि विधवेची सातत्याची सवय उचलली. परूशीची वही मात्र माळेच्या रूपाने मागच्या दाराने आत येऊ शकते. म्हणूनच गुरू ती पुढे बाजूला ठेवायला लावतो.

*

हा धोका सर्वांत नेमका ओळखला तो एका अमेरिकन कथाकाराने. जे. डी. सॅलिंजरच्या ‘फ्रॅनी’ आणि ‘झूई’ या कथा १९५५ आणि १९५७ साली ‘द न्यू यॉर्कर’मध्ये आल्या आणि १९६१मध्ये त्यांचं एकत्र पुस्तक झालं. कॉलेजात शिकणारी फ्रॅनी पर्समध्ये यात्रेकरूचं पुस्तक घेऊन फिरते. भोवतालच्या लोकांचा दिखाऊपणा तिला असह्य झालेला आहे. प्रियकरासोबत जेवायला गेली असताना ती चक्कर येऊन पडते, आणि कथा संपते तेव्हा तिचे ओठ आवाज न करता हलत असतात. दुसऱ्या कथेत ती न्यू यॉर्कच्या घरी सोफ्यावर पडून आहे. आई काळजीने चिकन सूप घेऊन येते, ती ते नाकारते. भाऊ झूई तिच्याशी वाद घालतो.

झूईचा मुद्दा सरळ आहे. पैसा, कीर्ती, मालमत्ता यांच्या मागे लागणाऱ्यांना तू नावं ठेवतेस, पण प्रार्थनेचा खजिना साठवायला निघालीस तर हाव तीच राहते, फक्त माल बदलतो. आणि आईने आणलेलं सूप पवित्र आहे हे जिला दिसत नाही, तिला येशू कुठे दिसणार? झूई प्रार्थना बंद कर असं म्हणत नाही. कुणाची करतेस ते नीट बघ म्हणतो. तू ज्या येशूला हाक मारतेस तो खरा येशू आहे, की तुझ्या सोयीने घडवलेली एक गोंडस आकृती?

सॅलिंजर न्यू यॉर्कच्या रामकृष्ण-विवेकानंद केंद्राशी जोडलेला होता, आणि या कुटुंबातल्या थोरल्या भावांच्या खोलीच्या दारावर गीतेची आणि रामकृष्णांची वचनंही चिकटवलेली आहेत. त्यामुळे निष्काम कर्माचा वास या संवादाला येतो. पण झूईची टीका यात्रेकरूच्या पुस्तकावर किती लागू पडते? अर्धीच. फ्रॅनीने त्यातला एक भाग वाचला आणि दुसरा सोडला. यात्रेकरूला गुरू आहे, फ्रॅनीला नाही. तिच्याकडे फक्त पद्धत आहे. पद्धत पुस्तकातून घेता येते. मात्र ‘आता मोजणं थांबव’ असं योग्य वेळी सांगणारा माणूस पुस्तकातून मिळत नाही. आज मोबाइलवर जप मोजणारी आणि सलग किती दिवस प्रार्थना झाली ते दाखवणारी अ‍ॅप आहेत. ती वाईट आहेत असं मी म्हणणार नाही, पण ती कधीच संख्या काढून घेत नाहीत. साखळी तुटली की अपराधी वाटायला लावतात, आणि त्या अपराधीपणाला आपण देवाची ओढ समजतो.

*

आता पुस्तकाच्या उणिवांकडे वळू. पहिली उणीव अशी की यात्रेकरूला कोरडेपणा फारसा भोगावा लागत नाही. मळ्यातला कंटाळा सोडला तर प्रार्थना त्याला सतत गोडवा देते. थंडी वाजली की प्रार्थनेने ऊब येते, भुकेची आठवण राहत नाही, सांधे दुखायचे थांबतात, दिवसाला सत्तर वर्स्त म्हणजे जवळपास पंचाहत्तर किलोमीटर चालूनही पाय थकत नाहीत. हे वाचताना मन प्रसन्न होतं. पण वर्षानुवर्षं प्रार्थना करून ज्यांना यातलं काहीच मिळालं नाही, त्यांना हे पुस्तक एकटं पाडतं. आपलंच काहीतरी चुकतंय असं त्यांना वाटणं साहजिक आहे.

सोळाव्या शतकातल्या स्पॅनिश संत तेरेसा दे आविला यांनी हा प्रश्न अधिक प्रामाणिकपणे हाताळला. आपल्या आत्मचरित्रात त्या प्रार्थनेला बागेची उपमा देतात. बागेला पाणी चार तऱ्हांनी देता येतं. विहिरीतून पोहऱ्याने शेंदून, रहाटाने, पाटाने, आणि पावसाने. पहिल्यात सगळे कष्ट माळ्याचे आणि पाणी थोडं, शेवटच्यात कष्ट काहीच नाहीत आणि बाग चिंब. पाऊस मागवून येत नाही, हे शेतकऱ्याच्या देशात कुणाला समजावून सांगायला नको. पण तेरेसा त्याहून अवघड गोष्ट विचारतात. पोहरा सोडला आणि विहीरच कोरडी निघाली तर? तरीही माळ्याने आपलं काम करावं, कारण बाग त्याची नाही, धन्याची आहे, असं त्यांचं उत्तर आहे.

हे उत्तर किती जड असू शकतं ते कोलकात्याच्या मदर तेरेसांच्या पत्रांतून कळलं. त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, २००७ साली, त्यांनी आपल्या आध्यात्मिक मार्गदर्शकांना लिहिलेली पत्रं ‘कम बी माय लाइट’ या नावाने प्रसिद्ध झाली. ही पत्रं नष्ट करावीत अशी त्यांची इच्छा होती. गरिबांमधलं काम सुरू झालं त्या सुमारासच त्यांच्या आतला देवाच्या सान्निध्याचा अनुभव मावळला, आणि १९५८ मधला थोडा काळ वगळता तो जवळपास आयुष्यभर परतला नाही. रोज पहाटे उठून प्रार्थनेला बसायचं, समोर रिकामेपणा, आणि मग उठून कामाला जायचं. पत्रं आली तेव्हा काहींना त्यात ढोंग दिसलं, काहींना श्रद्धेचा अंत दिसला. मला त्यात यात्रेकरूच्या पुस्तकातलं न लिहिलेलं प्रकरण दिसतं. देवाच्या जवळ जाणं आणि जवळ गेल्यासारखं वाटणं या दोन गोष्टी वेगळ्या असू शकतात. हे मान्य केलं नाही तर मदर तेरेसांच्या पन्नास वर्षांना अपयश म्हणावं लागेल. मान्य केलं, तर मग जवळीक मोजायची कशाने, हा प्रश्न उरतोच.

दुसरी उणीव मला अधिक टोचते. लूकच्या दाखल्यातली विधवा न्याय मागते. तिचा खटला आहे, तिचा कुणीतरी प्रतिवादी आहे, तिच्या मागणीला जगातला पत्ता आहे. यात्रेकरूच्या प्रार्थनेत दया राहिली आणि न्याय गळाला. कथेचा काळ रशियातली भूदासप्रथा रद्द होण्याच्या, म्हणजे १८६१च्या, आधीचा असल्याचं अभ्यासक मानतात. हा माणूस भूदासांच्या गावांतून, सायबेरियाकडे चालवल्या जाणाऱ्या कैद्यांच्या तांड्यांजवळून जातो. त्याला प्रेमळ जमीनदार भेटतात, दानशूर कुटुंबं भेटतात. ही व्यवस्था अशी का, असा प्रश्न त्याला एकदाही पडत नाही. कुणी दुखावलं तर प्रार्थनेच्या गोडीने तो ते विसरतो. स्वतःवरचा अन्याय विसरणं ही साधुता असेल. दुसऱ्यावरचा अन्याय विसरणं ही साधुता नव्हे.

आपल्या परंपरेत भक्ताचं भांडण आहे. तुकाराम विठ्ठलावर रुसतात, त्याला बोल लावतात, तो आपल्यापुरता संपला असं म्हणण्यापर्यंत त्यांची मजल जाते. ज्यू-ख्रिस्ती परंपरेतही हे आहे. स्तोत्रसंहितेतलं अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तक्रारीने सुरू होतं आणि अंधारातच संपतं. नारायण वामन टिळकांनी १८९५मध्ये बाप्तिस्मा घेतला, आणि आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत आलो असं ते सांगत. त्यांनी अभंगातून ख्रिस्ताला आई म्हटलं, गुरू म्हटलं. मराठी ख्रिस्ती उपासनेला ही घरगुती सलगी त्यांच्यामुळे मिळाली. आणि आईपाशी लेकरू फक्त लाडात येत नाही, ते हट्टही करतं, पाय आपटतं. यात्रेकरू कधी पाय आपटत नाही. त्याच्या देवाला त्याने कधी अडचणीत टाकलेलं नाही. विधवेने न्यायाधीशाला टाकलं होतं.

*

एवढं म्हटल्यावर हे पुस्तक बाजूला ठेवावं का? तसं नाही. कारण त्यातले काही प्रसंग लेखकाच्या सिद्धांतापेक्षा मोठे आहेत.

एका प्रसंगात दोन चोर यात्रेकरूच्या डोक्यात मारून त्याची झोळी पळवतात. झोळीत त्याचं बायबल आणि दोन रुबलांना घेतलेली फिलोकालियाची जुनी प्रत असते. पावाचे तुकडे गेल्याचं त्याला दुःख नाही, पुस्तकांसाठी मात्र तो ढसाढसा रडतो. पुढे कैद्यांच्या तांड्यात ते दोघे त्याला दिसतात. तो त्यांच्या पाया पडून पुस्तकं कुठे आहेत विचारतो. अखंड प्रार्थना करणारा माणूस एका वस्तूसाठी चोरांच्या पाया पडतो, हे विसंगत वाटेल. मला तो पुस्तकातला सर्वांत मानवी क्षण वाटतो. इथे तो विधवेच्या सर्वांत जवळ आहे. त्याला काहीतरी हवंय, आणि ते मागायची त्याला लाज वाटत नाही.

दुसरा प्रसंग आंधळ्या शिंप्याचा. यात्रेकरू त्याला हृदयातली प्रार्थना शिकवतो. काही दिवसांनी शिंपी वाटेत सांगतो की दूरचं चर्च जळताना आपल्याला दिसतंय, मनोरा कोसळला. पुढे ती बातमी खरी निघते. कोणताही चमत्कारप्रिय लेखक इथे टाळ्या घेईल. यात्रेकरू उलट शिंप्याला सावध करतो. असलं काही दिसणं हा मनाच्या नैसर्गिक शक्तीचा भाग असू शकतो, त्याला देवाची कृपा समजू नकोस, त्याकडे लक्ष देऊ नकोस. स्वतःच्या देहातल्या उबेबद्दल इतकं भरभरून सांगणारं पुस्तक इथे आपल्याच मालावर शंका घेतं. ही शंका स्वतःच्या गोडव्यावरही घेतली असती तर पुस्तक आणखी थोर झालं असतं.

जवळीक मोजायची कशाने, या मघाच्या प्रश्नाकडे परत येतो. संख्येने नाही, हे गुरूने माळेचा हिशेब सोडायला लावून सांगितलं. गोडव्याने नाही, हे कोलकात्याच्या पत्रांनी सांगितलं. दिसलेल्या दृश्यांनी नाही, हे यात्रेकरूनेच शिंप्याला सांगितलं. उरतं ते सॅलिंजरचं सूप आणि लूकची विधवा, म्हणजे हाताशी असलेला माणूस आणि त्याला मिळायचा राहिलेला न्याय. प्रार्थनेने या दोन्हींकडे आपली नजर वळत असेल, तर काहीतरी घडतंय असं म्हणता येईल. वळत नसेल, तर बारा हजार काय आणि तीस हजार काय.

चिकाटीचा उपयोगही मग वेगळा दिसू लागतो. न्यायाधीशाच्या दाखल्यात एक गोष्ट सहज नजरेआड होते. येशू देवाची तुलना त्या न्यायाधीशाशी करत नाही. असा बेमुर्वत माणूससुद्धा ऐकतो, तर देव का ऐकणार नाही, असा तो युक्तिवाद आहे. म्हणजे देवाला नमवण्यासाठी खेटे घालायची गरज नाही. मग खेटे कशासाठी? विधवा रोज येते तेव्हा आपली मागणी खरी आहे हे ती रोज स्वतःला सांगत असते. जे खरोखर हवं नसतं ते माणूस चार दिवसांत मागायचं सोडून देतो. पुष्कळशा मागण्या अशाच गळून जातात आणि त्या गळल्या ते बरंच होतं. ज्या उरतात त्यांच्यासह माणूस देवापुढे उभा राहतो, आणि यरीहोच्या आंधळ्याला विचारलेला प्रश्न तेव्हा त्यालाही ऐकू येऊ लागतो, तुला काय हवंय?

यात्रेकरूला हा प्रश्न त्या पुस्तकात कुणी विचारत नाही. तो यरुशलेमच्या वाटेवर पुढे निघून जातो. वाचकाने मात्र तो स्वतःला विचारून पाहावा, आणि उत्तर यायला वेळ लागला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारावा.